आग ओकणारं झाड

हिरव्या नळीतून एक झाड वर सरकतं. डोक्यावर पांढरे ठिपके, जाड पांढरे ओठ, आत दात. मारिओ ज्या बाजूला असेल तिकडे ते डोकं वळवतं, क्षणभर नेम धरतं, तोंडातून आगीचा गोळा सोडतं आणि पुन्हा नळीत उतरतं. जपानात ऑक्टोबर १९८८मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा हे झाड पहिल्यांदा दिसलं. १९८५च्या पहिल्या खेळातलं त्याचं भावंड नुसतंच चावायचं. तिसऱ्या खेळाचा सातवा प्रदेश म्हणजे नळ्यांचं जंजाळ, आणि तिथे या कुळाची अक्षरशः रेलचेल आहे. पण याच कुळात एक बुटकी, नळीबाहेर जमिनीवरच वाढणारी आणि तरीही आग टाकणारी जातही आहे. अख्ख्या खेळात ती इतक्या थोड्या ठिकाणी दिसते की पुष्कळांनी खेळ संपवला तरी ती त्यांच्या लक्षात नसते.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे मारिओ आला तो बहुतेक घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त नकलांमधून. कॅसेटवर शेकडो खेळांचा दावा, आत फिरून फिरून तेच मोजके खेळ, आणि त्यांत मारिओ हमखास. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, पुन्हा खोचायची. त्या पिढीतल्या मुलांनी एक गोष्ट कुणी न शिकवता हेरली होती: नळीला अगदी खेटून उभं राहिलं की झाड वर येतच नाही. झाडाची भीती घालवायची तर झाडाजवळ जायचं. या प्रकरणात आपणही तेच करणार आहोत, फक्त झाडं खरी असतील आणि बरीचशी यवतमाळ जिल्ह्यातली.

त्या काल्पनिक झाडाचं इंग्रजी नाव बेतलं आहे ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ या खऱ्याखुऱ्या कीटकभक्षी झाडावरून. हे झाड निसर्गात जगात एकाच पट्ट्यात उगवतं, तो म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाचा किनारी भाग. पानाच्या दोन पाळ्या, आतल्या बाजूला काही बारीक केस. किड्याने एका केसाला धक्का दिला तर काही होत नाही. वीसेक सेकंदांच्या आत दुसरा धक्का बसला, तर साधारण एका सेकंदाच्या दहाव्या भागात पाळ्या मिटतात. वाऱ्याने उडालेल्या काडीसाठी उगाच दार लावायचं नाही म्हणून हा हिशेब. किडा आत धडपडत राहिला, केसांना आणखी धक्के बसले, की मगच पाचकरस सुटतो. डार्विनने १८७५मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात या झाडाला स्वतंत्र प्रकरण आहे.

खेळ बनवणाऱ्यांनी या झाडाला आग दिली ती बहुधा गंमत म्हणून. पण या झाडाचं आगीशी खरंच नातं आहे, आणि ते खेळातल्यापेक्षा विलक्षण आहे. फ्लायट्रॅप वाढतो तो पाइनच्या विरळ रानात, नत्र नसलेल्या निकस, ओलसर मातीत. ते रान दर काही वर्षांनी पेटतं. आग वरचं गवत-झुडूप खाऊन जाते, जमिनीवर पुन्हा ऊन पडतं, आणि फ्लायट्रॅप मातीखाली राहिलेल्या कंदासारख्या खोडातून परत फुटतो. आग थांबवली तर झुडपं माजतात, सावली पडते आणि हे बुटकं झाड गुदमरतं. विसाव्या शतकात अमेरिकेने रानातल्या आगी कसोशीने विझवल्या आणि त्यात या झाडाचं बरंच नुकसान झालं. आता तिथले वनाधिकारी ठरवून, वारा बघून रान पेटवतात. तोंडातून आग टाकणारं झाड कुठेच नाही. आगीवाचून न जगणारं झाड मात्र आहे, आणि नेमकं तेच खेळातल्या राक्षसाचं मूळ निघावं!

आग ओकण्याच्या सगळ्यात जवळ जाणारं खरं झाड म्हणाल तर ‘डिक्टॅम्नस’. युरोपपासून हिमालयापर्यंतच्या समशीतोष्ण मुलखात ते आढळतं. त्याच्या फुलोऱ्यावर उडून जाणाऱ्या तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वारा पडलेल्या उष्ण दिवशी काडी ओढून जवळ धरली तर त्या तेलाची वाफ भपकन पेटते आणि लगेच विझते. झाडाला फारसं काही होत नाही. पण काडी माणसानेच लावावी लागते. शत्रूवर आग फेकणं त्याला येत नाही.

मग यवतमाळच्या रानात ‘आग’ कशी लागते? ज्वाळेशिवाय. तिथली झाडं आग फेकत नाहीत, ती तुमच्याच अंगात लावतात.

बिब्यापासून सुरुवात करू. पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव या भागातल्या सागाच्या कोरड्या रानात बिब्याची झाडं असतात. हिवाळ्यात फळ पिकतं तेव्हा ते दोन भागांचं दिसतं: वर देठाचा फुगलेला केशरी-पिवळा गर आणि त्याच्या टोकाला काळं, चपटं, तुळतुळीत बी. गर लोक खातात, वाळवून ठेवतात. काळ्या बीच्या टरफलात मात्र मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यात चिकट तेल. टरफल फुटलं की हे तेल बाहेर येतं आणि हवा लागली की काळंकुट्ट होतं. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला हेच वापरायचे, कारण तो डाग कितीही धुतला तरी जात नाही. पायात काटा मोडला तर बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि सुटलेल्या तेलाचा चटका त्या जागी द्यायचा, हा शेतकऱ्याचा जुना उपाय. आयुर्वेदात भल्लातक म्हणून तो औषधात जातो, पण आधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल शोषून घ्यावं लागतं. शुद्ध न करता वापरायचा नाही हे वैद्य बजावून सांगतात, आणि त्याला सबळ कारण आहे.

या तेलात युरुशिऑलच्या जातीची रसायनं आहेत. ती कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. आपल्या प्रतिकारशक्तीला मग स्वतःचीच कातडी परकी वाटू लागते आणि ती तिच्यावर तुटून पडते. म्हणून बिब्याने होणारी आग लगेच दिसत नाही. हात लागला सकाळी, आणि फोड आले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर माणूस विसरून गेलेला असतो की आपण कशाला शिवलो होतो. पहिल्या वेळेला काहींना काहीच होत नाही. शरीर त्या वेळी फक्त ओळख करून घेतं. खरी चकमक पुढच्या भेटीत. काहींना तर बिब्याचा धूर लागला तरी तोंड सुजतं.

विदर्भात काही गावांत बाया बिबे फोडून गोडंबी काढतात. गोडंबी म्हणजे आतला पांढरा, चवीला बदामाच्या वळणाचा गर. थंडीतल्या लाडवांत ती हवीच. बिबा दगडावर धरायचा, वरून घाव घालायचा, आणि तेल हाताला लागू नये म्हणून राखेत नाहीतर तेलात हात माखून घ्यायचे. तरी थेंब उडतातच. या बायांचे तळहात आणि बोटं वर्षानुवर्षं काळी पडलेली, चिरलेली असतात. दुकानात गोडंबीचा भाव विचारून माघारी फिरणाऱ्याने ती काढणारीचे हात एकदा बघावेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बिबा ज्या कुळातला, त्याच कुळातले आंबा आणि काजू. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड येतात ते याच नात्याने, आणि काजूच्या टरफलाचं तेल तितकंच जहाल. गंमत म्हणजे युरुशिऑल हे नाव पडलं जपानी ‘उरुशी’वरून. तिथे याच कुळातल्या झाडाच्या चिकाने लाकडी वाट्या, पेट्या लाखेसारख्या चकचकीत करतात आणि शिकाऊ कारागिरांच्या हातांची आग होते. मारिओ बनवणारी निन्टेंडो कंपनीही जपानचीच. १८८९मध्ये क्योटोत ती सुरू झाली ती फुलांच्या चित्रांचे पत्ते छापायला. त्या कंपनीच्या पत्त्यांत झाडं अगदीच गरीब होती. दात आणि आग नंतर आली.

खाजकुहिलीचं वेगळं. ती वेल. कुंपणावर, झुडपांवर चढते आणि पावसाळा सरल्यावर मखमली केसांच्या शेंगा लोंबू लागतात. मखमल कसली, ती कुसं आहेत! शेंग वाळली की वाऱ्याच्या एका झुळकेने ती सुटतात आणि मानेवर, मनगटावर बसतात. प्रत्येक कुसात म्युक्युनेन नावाचं प्रथिन तोडणारं विकर असतं. कातडीखालच्या मज्जातंतूंवर असे काही ग्राहक असतात की या विकराने त्यांचा तुकडा पाडला की ते ‘खाज’ असा निरोप मेंदूला पाठवतात. खाजवलं की कुसं आणखी आत जातात. जाणती माणसं म्हणूनच चोळत नाहीत. ओलं शेण थापतात आणि सुकू देतात, म्हणजे खपलीबरोबर कुसं निघून येतात. याच वेलीच्या बियांत एल-डोपा असतं, कंपवाताच्या रुग्णांना देतात तेच औषधी द्रव्य. एकाच शेंगेच्या बाहेर मज्जातंतू पेटवणारं आणि आत मज्जातंतू शांत करणारं, असं बेमालूम जुळवलेलं दुसरं झाड मला माहीत नाही.

कळलावीचा उल्लेख न करता पुढे जाता येत नाही, कारण दिसायला खेळातल्या झाडाच्या जवळ जाणारं यवतमाळात तेच. श्रावण-भाद्रपदात झुडपांतून ही वेल पानांच्या टोकांचे तणावे गुंडाळत वर चढते. पाकळ्या उलट्या वळलेल्या, कडा लाटदार. आधी हिरव्या, मग पिवळ्या, मग टोकापासून लाल. दिवस उजाडताना उन्हात बघितली तर खरोखर जाळ पेटल्यासारखी. पण तिची आग फक्त डोळ्यांना. तिचं विष, कोल्चिसिन, कंदात भरपूर असतं आणि ते पोटात गेलं तर पेशींचं विभाजनच थांबवतं. चित्रक या झुडपाच्या मुळाचं तसं नाही. त्याचा लेप कातडीवर राहिला तर फोड येतात, म्हणून वैद्य तो अगदी मापाने वापरतात.

आणि मिरची? ती तर सर्वांच्या घरातली आग ओकणारी. १९९७मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंवरचा तो ग्राहक शोधून काढला ज्याला मिरचीतलं कॅप्सेसिन चिकटतं. त्यासाठी ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. हा ग्राहक मुळात उष्णता ओळखायला आहे. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की तो ‘भाजतंय’ म्हणून ओरडतो. कॅप्सेसिन त्याला त्याहून कमी तापमानात ओरडायला लावतं. म्हणजे मिरची तिखट असते असं जिभेला वाटत नाही, जीभ भाजतेय असं मेंदूला वाटतं. (यवतमाळात मे महिन्यात सावलीतला पारा ४३च्या वर जातोच, तेव्हा हा ग्राहक नुसत्या हवेनेच बेजार झालेला असावा. तरी ठेचा खाणं कोण सोडतो?)

झाडाने हे का केलं, याचं उत्तर आणखी सुरेख आहे. पक्ष्यांच्या अंगातला हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. ट्यूक्सबरी आणि नभान या संशोधकांनी २००१मध्ये अॅरिझोनातल्या रानमिरचीवर काम करून दाखवलं की उंदरांसारखे सस्तन प्राणी या फळांना तोंड लावत नाहीत, पक्षी मात्र आनंदाने खातात. उंदराच्या दातांखाली आणि पोटात बी मरतं. पक्ष्याच्या पोटातून ते सहीसलामत, खतासह, कुठेतरी दूर पडतं. तेव्हा मिरचीची आग ही सगळ्यांसाठी नाही, निवडक गिऱ्हाइकांसाठी आहे. मारिओतल्या झाडाला मात्र असा भेद कळत नाही.

गंमत बघा: दुकानाच्या दारावर आणि रिक्षाच्या बंपरवर शनिवारी जी माळ टांगतात, तिच्यात लिंबाखाली हिरव्या मिरच्या आणि पुष्कळदा एक काळा बिबा असतो. दृष्ट लागू नये म्हणून. आग लावणारी दोन झाडं एकाच तारेत ओवलेली! ही रूढी कुठून आली यावर मी वाद घालणार नाही, पण रासायनिक दृष्ट्या निवड चोख आहे.

आता खऱ्या ज्वाळेकडे. यवतमाळचं रान म्हणजे कोरडं पानगळीचं, सागप्रधान. टिपेश्वर अभयारण्य घ्या किंवा उमरखेडच्या बाजूचं पैनगंगा अभयारण्य. फेब्रुवारी ते जून या काळात जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर असतो आणि त्याच दिवसांत वणवे लागतात. वन खातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. हंगामाआधीच जाळरेषा काढतात, म्हणजे रानातल्या पट्ट्यातलं गवत-पाचोळा काढून किंवा मुद्दाम जाळून पट्टा मोकळा ठेवतात, जेणेकरून एका बाजूची आग दुसरीकडे उडी मारणार नाही.

सागाचं पान हातभर रुंद, वाळलं की पापडासारखं खडखडतं. स्वतःच्या बुंध्याभोवती सरपण पसरून ठेवणारं हे झाड आहे. आग त्या पानांवरून झपाट्याने जाते, उंच झाडांच्या साली भाजून काढते, पण पोक्त साग मरत नाही. खरी गंमत रोपाची. सागाचं रोप पेटलं की वरचा भाग मरतो आणि जाड मूळ खाली तसंच राहतं. पाऊस पडला की पुन्हा फुटतं, पुन्हा जळतं, पुन्हा फुटतं. असं काही वर्षं चालतं. मुळात पुरेसं बळ साठलं की एखाद्या पावसाळ्यात कोंब इतका उंच जातो की पुढची आग त्याच्या शेंड्याला पोचत नाही. पळसाचंही तसंच, आणि टेंभुर्णीचं तर मुळांतूनच नवे धुमारे फुटतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, तडकलेली. आतल्या जिवंत भागाला ती झळ लागू देत नाही.

टेंभुर्णीचा हा गुण माणसाला फार पूर्वी कळला. जळलेल्या किंवा छाटलेल्या झुडपावर येणारी नवी पानं कोवळी, लवचिक, मोठी असतात आणि विडी वळायला तीच हवीत. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा हंगाम येतो, भल्या पहाटे रानात जाऊन पानं आणायची, दुपारी घरातले सगळे बसून त्यांचे पुडे बांधायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं. मोहफुलांचंही असंच. झाडाखालचा पाचोळा जाळला की रात्री गळलेली पिवळसर फुलं काळ्या जमिनीवर लखलखीत दिसतात, एकेक वेचायला सोपी. हाताला काम नसलेल्या दिवसांत हाच पैसा येतो. म्हणून वणव्याचं सगळं खापर एका माणसावर फोडणं सोपं, पण तो कोण आणि त्याला पर्याय काय, हे विचारायला हवं.

राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या २६व्या कलमाने गुन्हा आहे. त्याच्या कितीतरी आधी, १८६०च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरी जंगलात इंग्रजांनी आग रोखायचा पहिला पद्धतशीर प्रयोग केला. तो रुळला आणि ब्रह्मदेशातल्या सागालाही लावला गेला. आणि तिथे पेच पडला. आग थांबल्यावर ओल्या रानात सदाहरित झुडपं इतकी माजली की सागाची रोपं वर येईनात. हर्बर्ट स्लेड या वनाधिकाऱ्याने १८९६मध्ये जाहीर लिहिलं की ब्रह्मदेशात आगीपासूनचं हे संरक्षण अती झालंय. वरिष्ठांना पटायला वर्षं गेली, पण पुढे धोरण सैल करावं लागलं. कॅरोलिनातल्या फ्लायट्रॅपला जे विसाव्या शतकात भोगावं लागलं, ते सागाने आधीच भोगलं होतं.

म्हणून यवतमाळात रान पेटवलं तर बरंच, असा अर्थ कुणी काढू नये. ब्रह्मदेशाचं रान ओलं, इथलं कोरडं. इथे आग नसेल तर सागाला गुदमरवणारी सदाहरित झुडपं मुळात उगवतच नाहीत. उलट दरवर्षी आग लागली तर साग, पळस, टेंभुर्णी यांच्यासारखी मुळांत बळ साठवणारी जात टिकते, आणि ज्यांची रोपं एका जळण्यातच संपतात त्या जाती हळूहळू हद्दपार होतात. जमिनीवर अंडी घालणारे तित्तर-लावे, रांगणारे जीव, पाचोळा कुजवून माती करणारे किडे, सगळ्यांचा हिशेब त्यात येतो. चार-पाच वर्षांनी एकदा लागणारी आग आणि दरसाल लागणारी आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत मात्र दोन्ही ‘वणवा’च.

आता उपग्रह रोज या जिल्ह्यावरून जातात आणि जमिनीवरचा उष्ण ठिपका टिपतात. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून त्या ठिपक्याचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर येतात. मग वनरक्षक आणि हंगामी मजूर पाठीवर पंखा अडकवून निघतात, पानं उडवून आगीच्या पुढे मोकळी पट्टी करतात आणि पंखा बिघडला तर हिरव्या डहाळ्यांनी बडवून विझवतात. विझवून परतताना त्यांच्यातला एखादा बिब्याच्या झाडाखाली थांबतो, आणि दोन दिवसांनी त्याच्या मनगटावर फोड येतात.